घट्ट टायर आणि चमच्याचा दांडा

मी एक जुना चमचा आहे. अर्धा चमचा म्हणा हवं तर, कारण आता माझा फक्त दांडा उरला आहे. हसू नका, मित्रांनो! चमचा म्हटलं की माणसं एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात हे मला चांगलं ठाऊक आहे. पण मी कुणाच्या पुढेपुढे करणाऱ्यांतला नाही. मी सायकलच्या दुकानात काम करतो. रिमला घट्ट चिकटून बसलेला टायर हळूच उचकटून बाहेर काढायचा, हा माझा धंदा. आज वेळ आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही, तर बसा जरा. माझी कहाणी सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड, चकचकीत पत्र्यातून धडाधड चमचे कापणारं एक यंत्र होतं, त्यातून मी बाहेर पडलो. माझ्याबरोबरचे बाकीचे चमचे नाजूक होते, जेवणाच्या टेबलावर मिरवणारे. मी मात्र वाढायचा चमचा. अंगाने दणकट, दांडा लांब, आणि कडा गोल घासलेल्या. भांड्यांच्या दुकानात काकूंनी मला हातात घेतलं, अंगठ्याने वाकवून पाहिलं, आणि मी वाकलो नाही. "हा चालेल," त्या म्हणाल्या. बस्स, झालं माझं लग्न!

काकू म्हणजे आमच्या सायकल मिस्त्रींच्या पत्नी. गाद्या, उशा आणि खुर्च्यांच्या बैठकी यांना खोळी शिवून देणं हा त्यांचा व्यवसाय. शिवणयंत्र खिडकीत, आणि स्वयंपाकाची चूल त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला. एकीकडे शिलाई चालू असे, दुसरीकडे पातेल्यात मी. मोठं पातेलं ढवळायचं असलं की काकूंना मीच लागायचो. त्यांच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी वाढलं आहे. कुणाला नको नको म्हणताना आणखी हवं असतं, हे मी ताट बघूनच ओळखायचो.

असे दिवस मजेत चालले होते. पण एकदा पत्र्याच्या डब्याचं झाकण अडकून बसलं. काकूंनी हाताने ओढून पाहिलं, फडक्याने धरून पाहिलं, डब्याला चार शब्दही ऐकवले. शेवटी माझं तोंड झाकणाखाली घातलं आणि दिला एक जोराचा हिसका. झाकण उडालं, ते थेट शिवणयंत्रावर जाऊन आदळलं. आणि मी मानेपासून तुटलो.

"अगंबाई! चांगला चमचा होता हो माझा," काकू हळहळल्या.

मित्रांनो, माझं तोंड गेलं, तरी माझी बडबड काही गेली नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. पण त्या दिवशी मात्र मी अगदी गप्प होतो. आता आपण भंगारात जाणार, असं मला वाटलं. भंगाराच्या पिशवीत मी पडलोही होतो. तेवढ्यात मिस्त्री जेवायला घरी आले. त्यांनी मला उचललं, बोटांत फिरवलं, आणि माझ्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "अगं, हा दांडा मला दे. नुसतं सोनं आहे सोनं!"

काकू म्हणाल्या, "तुटलेल्या चमच्याचं कसलं आलंय सोनं?" पण मी ऐकायचं तेवढं ऐकलं होतं. आपल्याला कुणीतरी सोनं म्हणालं, यापुढे आणखी काय हवं?

दुकानात नेऊन मिस्त्रींनी मला कानशीने घासलं. दुखलं, खोटं कशाला बोलू. माझं तुटलेलं टोक त्यांनी चपटं केलं, जरासं वाकवलं आणि काचेसारखं गुळगुळीत केलं. दुसऱ्या टोकाला एक छोटी खाच पाडली, म्हणजे मला चाकाच्या स्पोकला अडकवून ठेवता येईल. काम संपल्यावर त्यांनी मला पुसलं आणि नाव ठेवलं, दांडोबा.

चमच्याच्या दांड्यालाच एवढा मान का, असं तुम्ही विचाराल. सांगतो. सायकलचा टायर काढायचा तर त्याच्या कडेखाली काहीतरी घालून ती कड रिमच्या बाहेर ओढावी लागते. काही लोक सरळ स्क्रूड्रायव्हर खुपसतात. त्याचं टोक धारदार. टायरच्या आत हवेची ट्यूब असते, ती बिचारी रबराची. तिला ते टोक लागलं की एका पंक्चरची दोन पंक्चरं झालीच म्हणून समजा. माझ्या कडा गोल. मी आत शिरतो ते ट्यूबला धक्का न लावता. गर्दीतून "जरा सरकता का" म्हणत वाट काढणारी सभ्य माणसं असतात ना, मी त्यांच्यातला.

आमचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. समोर रस्ता, छताला टांगलेल्या ट्यूबा, भिंतीला पंप, कोपऱ्यात पाण्याचं घमेलं. आणि हत्यारांचं एक पसरट पत्र्याचं तबक, तेच माझं घर. डाव्या हाताला न्हाव्याचं दुकान. मधली भिंत फळ्यांची, तीही अर्धीच. त्यामुळे इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचे केस इकडे येत. न्हावी मोठा बोलघेवडा. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून झाला की तो गिऱ्हाइकाला सोडून आमच्या मिस्त्रींशीच गप्पा मारी, आणि तो बिचारा माणूस फेस सुकेपर्यंत बसून राही.

"मिस्त्री, ही फळी पाडतो मी. तुमची जागा मिळाली तर मला आणखी एक खुर्ची टाकता येईल," तो रोज म्हणे.

"मी मेल्यावर टाक," मिस्त्री म्हणत.

"केस कापायला याच की मग आधी. जाताना तरी नीट दिसाल."

हे रोजचंच. त्यांचं भांडण ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे.

त्या काळात माझी काय ऐट होती म्हणून सांगू! टायर आला की मिस्त्री आधी हवा सोडत, मग चाक फिरवून व्हॉल्व्ह शोधत आणि बरोबर त्याच्या समोरच्या बाजूने मला आत घालत. व्हॉल्व्ह म्हणजे ट्यूबमध्ये हवा भरायची नळी. मिस्त्रींना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी त्यांना बजावून ठेवलं होतं, "व्हॉल्व्ह हे चाकाचं नाक आहे. नाकापासून लांब राहायचं. सुरुवात नेहमी समोरून." मिस्त्रींनी हे जन्मभर पाळलं. मी आत जायचो, एक हिसका, आणि टायरची कड फट्कन बाहेर. बघणारे म्हणत, "काय हात आहे!" मला वाटे, ते माझ्याबद्दलच बोलताहेत.

पण मित्रांनो, काळ बदलतो आणि टायरही बदलतात. नव्या सायकली आल्या. त्यांचे रिम वेगळे, टायर वेगळे. आणि घट्ट तरी किती? टायरच्या दोन्ही कडांमध्ये तार असते. ती ताणून वाढत नाही. जुन्या टायरांत ती तार जरा ऐसपैस असे. ही नवी मंडळी मात्र रिमला अशी आवळून बसत की मला शिरायला फटच सापडेना. शिरलोच, तर उचलताना मिस्त्रींच्या कपाळावरच्या शिरा फुगत.

मग मिस्त्रींनी बाजारातून रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्या आणल्या. लाल, पिवळ्या, निळ्या. काय त्यांचा तोरा! मी तबकाच्या तळाशी गेलो, नटबोल्टांच्या खाली. माझ्यावर गंजाचा एक ठिपकाही आला. मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं मान मोडून काम केलं, आणि कुणी रंगीत दिसलं की आपण तळाला! पण दिवस पालटायला वेळ लागला नाही. एका घट्ट टायरखाली लाल पट्टी वाकली, वाकली, आणि कडाडकन मोडली. तिचा तुकडा फळीवरून उडाला आणि शेजारी दाढी करून घेणाऱ्या गृहस्थांच्या फेसात जाऊन रुतला. ते ओरडत उठले. न्हावी म्हणाला, "बसा हो, बसा, कापलं नाहीये, ही सायकलची पट्टी आहे!" त्या गृहस्थांना त्याने धीर आला असेल असं मला वाटत नाही.

पिवळी आणि निळीही त्याच वाटेने गेल्या. मिस्त्रींनी मला पुन्हा वर काढलं, पुसलं आणि म्हणाले, "दांडोबा, चुकलं रे." मी लगेच माफ केलं. राग धरून बसायला मी काही माणूस नाही.

खरी अडचण मात्र निराळीच होती. टायर घट्ट, आणि मिस्त्रींचे अंगठे थकलेले. इतकी वर्षं त्यांनी सगळा जोर अंगठ्यांनीच लावला होता. आता अंगठ्यांची मुळं सुजू लागली. सकाळी सदऱ्याची बटणं लावताना त्यांना वेळ लागे. घरी काकूंनी विचारलं तर म्हणत, "हवेने आखडलेत, होतील बरे." दुकानात घट्ट टायरवाला कुणी आला की म्हणत, "आज जमणार नाही, उद्या या." दुसऱ्या दिवशीही तेच. लोक काय, तीनदा येतील, चौथ्यांदा दुसरं दुकान बघतील. मिस्त्रींना ते कळत नव्हतं असं नाही. संध्याकाळी ते रिकामे बसून मला नुसतेच बोटांत फिरवत राहत. मला त्यांचे अंगठे थरथरताना कळत. त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. दुकान गेलं असतं तर ते सकाळी उठून कुठे गेले असते?

आणि मग तो दिवस आला. सकाळीच नर्सबाई सायकल ढकलत आल्या. घरोघर जाऊन आजारी माणसांची मलमपट्टी करणाऱ्या त्या नर्सबाई. मागचं चाक पार बसलेलं.

"मिस्त्री, तुमच्याशिवाय कोण आहे हो मला? बाहेरून नवा टायर घालून आणलाय, आणि लगेच पंक्चर! दुपारी मला टेकडीवरच्या आजोबांकडे जायचंय. त्यांच्या पायाची जखम रोज धुवावी लागते. चालत तो चढ चढले तर आजोबांच्या आधी मलाच कुणीतरी मलम लावावं लागेल."

मिस्त्रींना 'उद्या या' म्हणता आलं नाही. तोंडातून शब्द निघाला, "ठेवा. दुपारपर्यंत देतो." नर्सबाई जवळपासची घरं उरकायला पायीच निघून गेल्या.

मिस्त्रींनी टायर चिमटीत धरून पाहिला आणि त्यांचा चेहराच पडला. एवढा घट्ट टायर आमच्या दुकानात आजवर आला नव्हता. ते फळीजवळ गेले. न्हावी वस्तरा पुसत होता.

"ऐक," मिस्त्री म्हणाले. "हा टायर निघाला तर निघाला. नाही निघाला, तर तू फळी पाड. टाक तुझी खुर्ची."

न्हावी नेहमीसारखा हसला. मग त्याने मिस्त्रींचं तोंड पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. "अहो, मी गंमत करतो हो," तो म्हणाला.

"मी नाही करत."

मित्रांनो, आता सगळं माझ्यावर आहे, असं मला वाटलं. उरलीसुरली हवा सोडली. नेमाप्रमाणे व्हॉल्व्हच्या समोरून मला घातलं. मी जीव खाऊन आत शिरलो. मिस्त्रींनी दाबलं. मी उचललं. टायर ढिम्म! पुन्हा दाबलं. माझी पाठ वाकते की काय असं वाटलं. मिस्त्रींनी दोन्ही अंगठे माझ्यावर रोवले, डोळे मिटले आणि सगळं अंग टाकलं. मी सटकलो. मिस्त्रींच्या अंगठ्यात जोराची कळ आली. मी रस्त्यावर जाऊन पडलो, खण्णकन.

फळीपलीकडून न्हावी ओरडला, "जोर लावा, जोर!"

"जोर संपला," मिस्त्री हळूच म्हणाले. त्यांनी मला उचललं, सदऱ्याच्या खिशात घातलं, आणि अंगठा घमेल्यातल्या गार पाण्यात बुडवून बसून राहिले.

तेवढ्यात काकू आल्या. एका हातात जेवणाचा डबा, खांद्यावर घडी केलेलं जाड कापड. न्हाव्याकडे वाट बघणाऱ्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीच्या बैठकीला त्यांनी नवी खोळ शिवली होती, ती बसवून द्यायला आल्या होत्या. त्यांनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा घमेल्याकडे.

"काय झालं अंगठ्याला?"

"काही नाही. पंक्चर बघतोय."

"अंगठ्यात?"

काकूंनी त्यांचा हात पाण्यातून काढून पाहिला. अंगठा चांगलाच सुजला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून त्यांना राग आला. "हवेने आखडलेत म्हणे! मला काय दूधखुळी समजता? घरी चला. खड्ड्यात गेला तो टायर!"

"घरीच येणार आहे," मिस्त्री म्हणाले. "कायमचा. न्हाव्याला सांगितलंय मी, फळी पाड म्हणून."

काकूंनी डबा खाली ठेवला, आणि खोळ घेऊन त्या ताडताड शेजारी गेल्या. रागावल्या की त्यांना हाताला काम लागतं. मिस्त्रीही मागोमाग गेले आणि दारात उभे राहिले. मी त्यांच्या खिशात, त्यामुळे पुढचं सगळं मी नीट पाहिलं.

न्हाव्याने बैठक काढून टेबलावर ठेवली. काकूंनी खोळ चढवली. एक कोपरा बसला, दुसरा बसला, तिसरा बसला. चौथा काही केल्या येईना. कापड चार बोटं कमी पडत होतं.

"चुकलं वाटतं माप," न्हावी म्हणाला आणि कापड धरून ओढू लागला. "जोर लावला की येईल."

काकूंनी त्याच्या हातावर चापट मारली. "सगळं आयुष्य जोरच लावा तुम्ही पुरुषांनी! शिवण उसवेल ना! अडलंय इथे, पण कापड इथे कुठून येणार? ते तिकडे बसलंय अडून." असं म्हणून त्या टेबलाला वळसा घालून थेट समोरच्या कोपऱ्याकडे गेल्या. तिथला कापूस तळव्याने आत चेपला. खोळीचं कापड त्या खळग्यात उतरलं, ढिलं झालं. ती ढिलाई त्यांनी दोन्ही तळव्यांनी कडेकडेने पुढे सरकवत आणली, आणि चौथा कोपरा अलगद बसला. ओढावाही लागला नाही.

मिस्त्री दारात तसेच उभे. जेवायचं विसरलेल्या माणसासारखे.

"अगं," ते म्हणाले, "ते पुन्हा कर."

"काय पुन्हा कर?"

"समोर जाऊन केलंस ते."

"बसली की खोळ! आता काय पुन्हा काढू?"

"खोळ नको. इकडे ये, इकडे ये लवकर," म्हणत मिस्त्रींनी त्यांना जवळजवळ ओढतच दुकानात आणलं. मला खिशातून काढून तबकात टाकलं आणि चाक मांडीवर घेतलं. न्हावी गिऱ्हाईक सोडून फळीवर रेलला. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही उठून त्याच्या शेजारी येऊन उभं राहिलं.

"हे बघ," मिस्त्री म्हणाले. "टायरची तार रिमच्या कडेवर चढून बसलीय. पण रिमच्या मध्ये ही पन्हळ आहे, खोलगट. तार या पन्हळीत उतरवली तर?"

"कापूस चेपला तसा," काकू म्हणाल्या.

"तर तिथे ढिलाई मिळेल."

"आणि ती सरकवत आणायची, अडलंय तिथे."

"इथे. म्हणजे व्हॉल्व्हच्या समोर." मिस्त्रींनी तळव्याने व्हॉल्व्हजवळचा टायर आत दाबून पाहिला. आत जाईना. पुन्हा दाबला. मग ते खाली वाकून बघू लागले. "अरेच्चा! इथे तर व्हॉल्व्हच उभा आहे पन्हळीत. तार उतरणार कशी? वाट अडवून बसलाय!"

"मग तुम्ही उलट करताय," काकू म्हणाल्या. "जिथे उतरत नाही, तिथेच शेवटी काढा. बाकीकडे उतरवत या."

मिस्त्रींनी आ वासला. "पण उस्ताद म्हणायचे, नाकापासून लांब राहा."

"तुमच्या उस्तादांच्या वेळी टायर ढिले होते. ढिल्या टायरला नाकाकडून काढा नाहीतर कानाकडून, काय फरक पडतो? असते आज, तर त्यांनीही बदललं असतं."

हे बोलणं मिस्त्रींना पटलं. पटलं म्हणजे कसं, त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. त्यांनी चाक उभं धरलं, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला, आणि खालचा भाग गुडघ्यांत पकडला. अंगठे दूर ठेवले. तळव्यांच्या टाचांनी त्यांनी टायरची कड खालून आत पन्हळीत ढकलली, दोन्ही बाजूंनी, आणि तसेच दाबत दाबत वर सरकत आले. पुन्हा खालून सुरुवात. पुन्हा वरपर्यंत. रबर कुरकुरलं. न्हावी वस्तरा हातात तसाच धरून फळीवरून आणखी खाली वाकला.

"येतंय का?" काकूंनी विचारलं.

"थांब. येतंय. हलतंय गं! दांडोबा दे, दांडोबा दे!"

मित्रांनो, आली, माझी वेळ आली! काकू तबकात हात घालून मला शोधू लागल्या. पाना वर आला, पक्कड वर आली. मी त्यांच्या बोटांखालीच होतो आणि त्या मला सोडून सगळं उचलत होत्या. "हा का? हा नाही. हा?" शेवटी मी त्यांच्या हातात आलो. किती वर्षांनी आलो होतो! त्यांनी मला ओळखलं. "अय्या, माझा चमचा," म्हणत त्या मला घेऊन वळल्या.

मिस्त्रींनी व्हॉल्व्हजवळ टायर दोन्ही तळव्यांत धरला होता. तो बाजूला वळवला, जरासा, जशी आपण पांघरुणाची कड बाजूला करतो. आणि टायरची कड रिमवरून खाली उतरली. आवाजसुद्धा झाला नाही.

"राहू दे," मिस्त्री म्हणाले. "निघाला."

मग न्हाव्याने अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरच्या दोन सायकलवाल्यांनी ब्रेक दाबले. अर्ध्या दाढीवाल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. काकू हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या, आणि दुसऱ्या हातात मला घट्ट धरून होत्या. मिस्त्री आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघत राहिले, जणू काही ते आजच विकत आणले होते.

आता खरं सांगू का? पहिल्यांदा मला धक्काच बसला. आयुष्यभर टायर मी काढले. आणि आमच्या दुकानातला सगळ्यांत घट्ट टायर माझ्याशिवाय निघाला! माझं कौतुक तर सोडाच, कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. पण तेवढ्यात मिस्त्री हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, अगदी पोटातून. आणि माझा सगळा रुसवा पळाला. ज्या अंगठ्यांची थरथर मी रोज अंगावर घेत होतो, ते आज मांडीवर निवांत पडले होते. यापेक्षा जास्त मला काय हवं होतं?

ट्यूबमधलं पंक्चर सापडलं, ठिगळ बसलं. टायर परत चढवतानाही मिस्त्रींनी तीच युक्ती केली. समोरून सुरुवात, कड पन्हळीत दाबत, आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. शेवटी व्हॉल्व्ह आत ढकलून पाहिला, ट्यूब कुठे चिमटीत तर सापडली नाही ना म्हणून. मग हवा भरली. पंप मात्र काकूंनी मारला, मिस्त्रींना हातच लावू दिला नाही.

नर्सबाई आल्या तेव्हा सायकल दारात उभी होती. त्यांनी मिस्त्रींचा अंगठा पाहिला आणि पिशवीतून मलम काढून तिथल्या तिथे पट्टी बांधली. "आठवडाभर यांना दाबायचं काही काम देऊ नका," त्या काकूंना म्हणाल्या. "आणि मिस्त्री, ते टेकडीवरचे आजोबा रोज विचारतात, बाई, तुमची सायकल कोण दुरुस्त करतं म्हणून. एकदा भेटायला या त्यांना." आणि घंटी वाजवत त्या चढाकडे निघून गेल्या.

न्हावी फळीवर रेललेलाच होता. "मग, फळी?"

"राहू दे जागेवर," मिस्त्री म्हणाले.

"बरं झालं बाबा. मला कुठे हवी होती आणखी खुर्ची? बसायला माणसं कुठे आहेत? अन् तुम्ही गेल्यावर मी भांडायचं कुणाशी, आरशाशी?" एवढं बोलून तो आत गेला आणि उगाचच मोठ्याने नाक शिंकरलं.

आता दुकान छान चालू आहे. 'उद्या या' हे शब्द इथे ऐकू येत नाहीत. घट्ट टायर आला की मिस्त्री आधी तळवे चोळतात. काकूंना दुपारी वेळ असला की त्या येऊन स्टुलावर बसतात आणि कधीकधी स्वतःच एखादं चाक मांडीवर घेतात. फार हट्टी टायर असला, तर शेवटी मला बोलावतात. मी जातो, टेकू देतो, एका बोटाने काम होतं. पण बऱ्याचदा मी तबकात पडून नुसता बघत असतो.

तर मित्रांनो, माझं एवढं ऐका. टायर अडला तर हातात येईल ते खुपसू नका. जिथे अडलंय तिथेच डोकं आपटत बसू नका, जरा वळसा घालून समोरच्या बाजूला जाऊन बघा. आणि तुमच्या घरात कुणाचे हात दुखत असतील, आणि तो माणूस 'काही नाही, हवेने आखडलेत' म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. त्याचा हात हातात घेऊन बघा.

माझी काळजी करू नका. मी इथेच आहे, तबकात, अगदी वरच. हाक मारलीत तर पळत येईन. नाही मारलीत, तर समजेन की आज सगळ्यांचे अंगठे ठीक आहेत.